रियासतकार सरदेसाई आणि आपल्या पेटीतले कागद

बचत गटांच्या सगळ्या ताया, वहिन्या, मावश्या आणि चुलीपाशी रेडिओ लावून बसलेल्या आज्या, सगळ्यांना हिरकणीवाडीहून आमचा नमस्कार.

एरवी या कार्यक्रमात आपण कर्ज, व्याज, शेळ्या, मसाले आणि रक्त वाढवणाऱ्या गोळ्या यांवर बोलतो. आज इतिहासावर बोलायचे आहे. "इतिहास आमच्या काय कामाचा?" असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर भाषण संपेपर्यंत तुम्हीच द्याल, असे आम्हाला वाटते.

रायगड आपल्या डोक्यावर उभा आहे. सुट्टीच्या दिवशी रोपवेपाशी गाड्यांची रांग लागते. आपल्यातल्या कितीतरी जणी तिथे ताक, काकडी, लिंबू सरबत घेऊन बसतात. लांबून आलेली माणसे विचारतात, राज्याभिषेक कधी झाला? आपण पटकन सांगतो, ६ जून १६७४. जिजाऊसाहेब कधी गेल्या? त्याच महिन्यात, १७ जूनला, खाली पाचाडला. शाळेतली पोरेसुद्धा या तारखा घडाघडा म्हणतात. पण या तारखा आपल्यापर्यंत आल्या कशा? कोणीतरी जुने कागद सोडले, वाचले, एकमेकांशी ताडून पाहिले आणि आपल्या भाषेत लिहिले, तेव्हा त्या आल्या. असे काम करणारे बरेच जण होऊन गेले. त्यातल्या एका कोकणी माणसाची गोष्ट आज सांगतो. ते शिक्षक होते आणि इतिहासकारही. त्यांचे नाव गोविंद सखाराम सरदेसाई. लोक त्यांना रियासतकार म्हणतात.

सरदेसाईंचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविल या लहानशा गावी झाला. तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती, मुंबईला जायचे तर बंदरावरून बोट. ज्याला शिकायचे त्याला घर सोडावे लागे. गोविंदाने रत्नागिरीला हायस्कूल केले, पुढे पुण्याला आणि मुंबईला कॉलेज केले, आणि १८८८ साली तो बी.ए. झाला. त्या काळी बी.ए. म्हणजे मोठी गोष्ट. सरकारी नोकरी, कचेरी, मामलत, सगळे दरवाजे उघडे असत. पण त्यांना नोकरी मिळाली ती वेगळ्याच ठिकाणी. १८८९ साली ते बडोद्याला गेले, महाराज सयाजीराव गायकवाडांकडे.

या सयाजीरावांची गोष्टही थोडी सांगायला हवी, कारण तीही शिक्षणाचीच गोष्ट आहे. ते राजवाड्यात जन्मलेले नव्हते. नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणा म्हणून गाव आहे, तिथल्या शेतकरी घरातला हा मुलगा. बडोद्याच्या महाराणी जमनाबाई विधवा होत्या. त्यांनी १८७५ साली या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. तोवर त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हते. गादीवर बसवल्यावर त्याला आधी पाटी-पुस्तक दिले गेले. उशिरा शिकलेल्या माणसाला शिक्षणाची भूक किती असते, हे आपल्या गटात पन्नाशीत सही शिकलेल्या बायांना विचारा. सयाजीरावांनी ती भूक जन्मभर ठेवली आणि प्रजेलाही लावली. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिले. १९०६ साली ते सगळ्या राज्याला लागू केले, मुलींनाही. देशात इंग्रजांच्या मुलुखात असा कायदा तेव्हा नव्हता. पुढे १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले. गावोगावी वाचनालये निघाली. जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांची पेटी जायची आणि वाचून झाली की पुढच्या गावाला जायची. महाराणी चिमणाबाईंनी हिंदुस्थानातल्या बायकांच्या स्थितीवर इंग्रजीतून पुस्तक लिहिले. १९२७ साली पुण्याला अखिल भारतीय महिला परिषद पहिल्यांदा भरली, तेव्हा अध्यक्ष त्याच होत्या.

अशा घरात सरदेसाई पोचले. काम काय? महाराजांना पुस्तके वाचून दाखवायची आणि राजघराण्यातल्या मुलांना शिकवायचे. पुढे राजवाड्यातल्या हिशेबाचे कामही त्यांच्याकडे आले. म्हणजे वाचन, शिकवणे आणि हिशेब, तिन्ही एकाच माणसाकडे. आपल्या गटाच्या सचिवताईंना हे ऐकून आपलेच काम आठवेल. महाराजांबरोबर त्यांचा युरोपातही प्रवास झाला. तिथली ग्रंथालये त्यांनी पाहिली. दुसरे देश आपले जुने कागद किती जपून ठेवतात, नंबर घालून, यादी करून, मागेल त्याला दाखवतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

आता खरी गंमत ऐका. सरदेसाई काही इतिहासाचे मोठे पंडित म्हणून बडोद्याला गेले नव्हते. मुलांना इतिहास शिकवायचा तर मराठीत एक सलग, नीट पुस्तक हाताशी हवे. ते मिळेना. म्हणून ते स्वतः टिपणे काढू लागले. आज हा धडा शिकवायचा, तर रात्री त्यावर वाचायचे आणि वहीत उतरवून ठेवायचे. वह्या वाढत गेल्या. त्या वह्यांतून पुस्तक झाले. १८९८ साली 'मुसलमानी रियासत' छापून आले. रियासत म्हणजे राज्य, राजवट. मग १९०२ साली 'मराठी रियासत'चा पहिला भाग आला. पुढे भाग येतच राहिले, आणि 'ब्रिटिश रियासत'ही आली. मुसलमान सुलतानांचा काळ, मराठ्यांचा काळ, इंग्रजांचा काळ, अशी एक हजार वर्षांची ओळख मराठी वाचकाला आपल्या भाषेत एका माणसाने करून दिली. वर्गातल्या मुलाला समजावे म्हणून काढलेल्या टिपणांपासून एवढे मोठे काम उभे राहिले. म्हणून आम्ही त्यांना आधी गुरुजी म्हणतो आणि मग इतिहासकार.

त्याआधी मराठ्यांचा इतिहास कोणी लिहिला नव्हता का? लिहिला होता. साताऱ्याला राहिलेला इंग्रज अधिकारी ग्रँट डफ याने १८२६ साली तीन भागांत लिहिला, इंग्रजीत. बरीच वर्षे तोच प्रमाण मानला जाई. १८६८ च्या सुमारास पुण्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने त्यातल्या चुका दाखवणारा निबंध मराठीत लिहिला. एका विद्यार्थ्याने एवढ्या मोठ्या साहेबाला "हे चुकले आहे, हा पुरावा बघा" म्हणावे, याचे तेव्हा नवल वाटले. १९०० साली न्यायमूर्ती रानड्यांनी मराठ्यांच्या उदयावर लिहिले, तेही इंग्रजीत. आपल्याबद्दल दुसऱ्याने, दुसऱ्या भाषेत लिहिलेले वाचून समाधान कसे व्हावे? आपल्या घरची गोष्ट शेजारणीने सांगितली तर ती खोटी असेलच असे नाही, पण तिने ती तिच्या अंगणातून पाहिलेली असते.

पण आपण लिहायचे तर पुरावा हवा. इथे त्या पिढीने जे केले ते ऐकण्यासारखे आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे नावाचे एक विलक्षण गृहस्थ गावोगाव हिंडले. जुन्या वाड्यांच्या माळ्यावर, कोनाड्यात, धान्याच्या कणगीमागे पडलेले मोडीतले कागद त्यांनी मिळवले. त्यांतून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या नावाने बावीस खंड निघाले. पहिला खंड १८९८ सालचा, म्हणजे सरदेसाईंचे पहिले पुस्तक आले त्याच वर्षीचा. त्यांच्याच पुढाकाराने १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले. आपल्या कोकणातल्या गुहागरचे वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलात मास्तर होते. शाळा सांभाळून त्यांनी पटवर्धन सरदारांच्या दप्तरातली हजारो पत्रे वाचली आणि छापली. ही माणसे कागद शोधत होती, आणि सरदेसाई त्या कागदांतून सलग गोष्ट बांधत होते. एकीने धान्य निवडायचे, एकीने दळायचे, एकीने भाकरी थापायची, तसे हे काम चालले.

सरदेसाईंची एक सवय आम्हाला फार आवडते. नवा कागद सापडला आणि आपण आधी लिहिलेले त्याच्याशी जुळत नसेल, तर ते आपले लिहिलेले बदलत. मराठी रियासतीचे भाग त्यांनी पुढे नव्या पुराव्याप्रमाणे पुन्हा लिहून काढले. नाव झालेल्या, वय वाढलेल्या माणसाला हे सोपे नसते. "मी म्हणतो तेच खरे" असा त्यांचा हट्ट नव्हता. कागद काय म्हणतो, याला मान होता.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची मैत्री. बंगालचे यदुनाथ सरकार हे मोठे इतिहासकार. त्यांना फारसी उत्तम येत असे, मोगलांचे कागद ते मुळातून वाचत. सरदेसाईंना मोडी आणि मराठी कागद ठाऊक. १९०४ च्या सुमारास दोघांची ओळख झाली आणि ती पन्नास वर्षांहून जास्त टिकली. एकाकडे औरंगजेबाच्या बाजूचे कागद, दुसऱ्याकडे मराठ्यांच्या बाजूचे. दोघे एकमेकांना पत्रे लिहीत, शंका विचारत, एकत्र प्रवास करीत. भांडण मिटवताना आपण दोन्हीकडचे ऐकतो ना? इतिहासालाही तसेच करावे लागते.

बडोद्यात पस्तीसहून जास्त वर्षे काढून सरदेसाई निवृत्त झाले आणि पुणे-मुंबई रेल्वेवरच्या कामशेतला येऊन राहिले. आता सुखाचे दिवस यायचे, तर घरात मोठे दुःख होते. त्यांचे दोन्ही मुलगे अकाली गेले. त्यातला श्यामकांत रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतनात शिकला होता आणि पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला गेला होता. त्याने घरी लिहिलेली पत्रे वडिलांनी पुढे पुस्तक करून छापली. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रे जपणाऱ्या माणसाने शेवटी आपल्या लेकराची पत्रे जपली. यावर आम्ही जास्त काय बोलणार? ज्या आईने मूल गमावले आहे, तिला हे समजते. सरदेसाई आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई, दोघांनी ते दुःख पोटात घेतले आणि सरदेसाई पुन्हा कामाला बसले.

आणि काम तरी केवढे! पुण्याला पेशव्यांचे दप्तर आहे. मराठ्यांचे राज्य गेल्यावर इंग्रजांनी ते ताब्यात घेतले. त्यात हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे चौकोनी कापड, त्यात कागदांचा गठ्ठा ठेवून गाठ मारलेली. आपण लग्नाचे शालू जुन्या धोतरात बांधून ठेवतो, तसे. हे दप्तर बरीच वर्षे बाहेरच्या अभ्यासकांना सहजी पाहायला मिळत नसे. शेवटी सरकारने ते काम सरदेसाईंकडे दिले, तेव्हा ते पासष्टीच्या आसपास होते. मदतनीस घेऊन त्यांनी रुमाल सोडायला सुरुवात केली. धूळ, कसर, चिकटलेली पाने आणि मोडीचे गिचमिड अक्षर. कागद निवडायचे, विषयवार लावायचे, तारखा ठरवायच्या, छापायचे. १९३० ते १९३४ या काळात 'पेशवे दप्तरातून निवडलेले कागद' या नावाने पंचेचाळीस खंड बाहेर पडले. ज्या वयात माणसे म्हणतात, आता देव-देव करा, त्या वयात हे झाले.

आता तुम्ही विचाराल, या सगळ्यात बायका कुठे आहेत? आम्हीही हाच प्रश्न घेऊन वाचायला बसलो. बायका आहेत, पण सगळ्या सारख्या नाहीत.

पहिल्या बाजीरावाच्या आई राधाबाई १७३५ साली काशीयात्रेला निघाल्या आणि पुढच्या वर्षी परतल्या. वाटेत राजस्थानच्या राजांनी त्यांचा मानसन्मान केला. त्या प्रवासाची पत्रे आहेत. ती वाचली की कळते, म्हातारीची यात्रा ही नुसती यात्रा नव्हती. मुलाच्या राज्याचा दबदबा केवढा झाला आहे, हे तिने चालत्या पालखीतून दाखवून दिले. गोपिकाबाई पुण्यापासून दूर नाशिकजवळ गंगापूरला राहत, तिथून नातू सवाई माधवरावाला कसे वागावे याचा उपदेश त्यांनी लिहून पाठवला. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरातून जवळजवळ तीस वर्षे राज्य चालवले, त्यांचाही पत्रव्यवहार आहे. या बाया बोलतात, रागावतात, पैसे मागतात, सल्ला देतात. कागदामुळे त्यांचा आवाज आपल्यापर्यंत येतो.

आणि दुसऱ्या बायाही आहेत. त्या काळच्या सरकारी कागदांत कुणबिणी, बटकी यांच्या नोंदी सापडतात. म्हणजे विकत घेतलेल्या, राबवलेल्या बायका. त्यांचे नाव येते ते हिशेबात. तिने स्वतः काय म्हटले, तिला काय वाटले, ते कुठेच नाही. जिच्या हातात लेखणी नाही, ती दुसऱ्याच्या वहीत एक रक्कम होऊन राहते. मैत्रिणींनो, हे वाक्य आम्ही मुद्दाम सावकाश म्हणतो आहोत.

आपल्या रायगडाचेच पाहा. ११ मार्च १६८९ ला संभाजी महाराजांना औरंगजेबाने मारले. गडाला मोगलांचा वेढा पडत होता. गडावर महाराणी येसूबाई होत्या, पदरात सहा-सात वर्षांचा शाहू. नवरा गेल्याचे दुःख करायलाही वेळ नव्हता. राज्य टिकवायचे तर सगळे एकाच गडावर अडकून चालणार नाही. म्हणून दीर राजारामाला बाहेर काढायचे ठरले, आणि येसूबाई मुलाला घेऊन गडावर राहिल्या. राजाराम एप्रिलमध्ये निसटले आणि पुढे दूर जिंजीपर्यंत गेले. नोव्हेंबरात रायगड पडला. येसूबाई आणि शाहू मोगलांच्या कैदेत गेले. शाहू १७०७ साली सुटला. येसूबाई १७१९ साली परत आल्या. तीस वर्षे! आपण गडाकडे बघून महाराजांचे नाव घेतो, जिजाऊंचे घेतो, ते घ्यायलाच हवे. पण या गडासाठी तीस वर्षे कैद भोगलेल्या बाईचे नाव पाहुण्यांना सांगताना आपल्या तोंडी येते का? तारखा आणि पत्रे शिल्लक राहिली म्हणून निदान एवढे तरी आपल्याला कळले. गडावरचे कितीतरी कागद मात्र राहिले नसणार. १६८९ ची ही धामधूम, आणि नंतर मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा डागल्या तेव्हा गडावर लागलेली आग. त्या वेळीही गडावर एक बाई होती, दुसऱ्या बाजीरावाची बायको वाराणशीबाई. आगीत काय काय जळले, याची यादी करायला कोण होते?

आणि आपली हिरकणी? तिची गोष्ट आपल्याला आईने सांगितली, आईला आजीने सांगितली. दूध घालायला गडावर गेलेली गवळण, दरवाजे बंद झाले, खाली तान्हे बाळ, आणि ती अंधारात कडा उतरून गेली. गडावर तिच्या नावाचा बुरूज आहे आणि आपल्या वाडीला तिचे नाव आहे. ही गोष्ट तोंडातोंडी आली. इतिहासकार विचारतात, कागद कुठे? त्यांचे विचारणे बरोबर आहे, ते त्यांचे कामच आहे. पण आपणही विचारू शकतो, की दूध घालणाऱ्या बाईचा कागद त्या काळी करणार कोण होते? राजाच्या आईची पत्रे रुमालात राहिली, गवळणीची गोष्ट बायकांच्या ओठांवर राहिली. रुमाल जपले तसे ओठांवरचेही जपावे लागते. हे काम आपल्या महाराष्ट्रात झालेही आहे. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. मुळशी-मावळच्या डोंगरात त्याची सुरुवात झाली, सरदेसाईंचे कामशेत त्याच मावळात आहे. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. दळणाऱ्या बाईने सीतेबद्दल, माहेराबद्दल, नवऱ्याच्या माराबद्दल, बाबासाहेबांबद्दल काय म्हटले, ते आता लिहिलेले आहे. तिच्या नावासकट, गावासकट.

सरदेसाईंच्या कामात उणे नव्हते असे नाही. त्यांचा इतिहास मुख्यतः राजे, पेशवे, सरदार आणि लढाया यांचा आहे. जे दप्तर त्यांच्या हाती आले ते दरबाराचे होते, म्हणून त्यात दरबार जास्त दिसतो. शेतात राबणारा, पाणी भरणारी, गावाबाहेर ठेवलेला, यांना त्यात शोधून काढावे लागते. हे आपण मोकळेपणाने म्हणावे. पण पुढच्यांना शोधता यावे म्हणून कागद सोडून, लावून, छापून कोणी ठेवले? त्यांनीच. आज एखादी मुलगी त्या काळच्या बायकांवर अभ्यास करायला बसते, तेव्हा तीही याच खंडांपासून सुरुवात करते.

आता आपल्या घराकडे येऊ. २२ जुलै २०२१ कोणी विसरलेले नाही. महाडात सावित्री आणि गांधारीचे पाणी चढले. त्याच दिवशी तळियेला दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसे गेली. त्या माणसांपुढे कागदाचे काय घेऊन बसलात, असे कोणी म्हणेल. पण जी मागे राहिली, त्यांना दुसऱ्या आठवड्यापासून कागदच मागितले गेले. आधार कुठे, रेशनकार्ड कुठे, घरपट्टीची पावती कुठे, पासबुक कुठे? चिखलातून काढलेली पाने बायका दोरीवर वाळत घालत होत्या. माणूस समोर उभे असते, तरी ते आहे हे सिद्ध करायला कागद लागतो. एका गटातल्या ताईंच्या कर्जाची फेड पूर्ण झाली होती, पण पावत्या वाहून गेल्या आणि बँकेत नोंद लवकर सापडेना. शेवटी कामाला आली ती गटाची ठराव-वही. ती सचिवताईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवलेली होती. त्यात तारीख होती, रक्कम होती, सात जणींच्या सह्या होत्या आणि दोघींचे अंगठे होते. त्या वहीने ताईंची सुटका केली.

म्हणून आम्ही म्हणतो, गटाची वही ही नुसती हिशेबाची वही नाही. हजार बायकांच्या पिढ्या अशा गेल्या, की त्यांनी कोणता निर्णय घेतला हे कुठेच लिहिलेले नाही. आणि आपण दर महिन्याला लिहितो. आज अमकीने बाळंतपणासाठी कर्ज मागितले, गटाने दिले. आज दारूच्या दुकानाविरुद्ध अर्ज करायचे ठरले. आज पाण्याच्या टाकीसाठी ग्रामसभेत सगळ्यांनी जायचे ठरले. शंभर वर्षांनी कोणी सरदेसाई येईल, नाहीतर कोणी सरदेसाईबाई येईल, आणि हिरकणीवाडीच्या बायका कशा जगल्या हे शोधेल. तेव्हा आपल्या वहीत काय सापडावे, हे आज आपल्या हातात आहे. नुसते "सभा झाली, चहापान झाले, सभा संपली" असे लिहिले तर तिला काय कळणार?

तर या महिन्यात सगळ्यांनी मिळून काही कामे करू या.

पहिले, ठराव लिहिताना तारीख पूर्ण लिहा, आणि बाईचे नाव पूर्ण लिहा. "शंकरची बायको" असे लिहू नका. तिला नाव आहे. गेल्या काही वर्षांत सरकारनेही हे मान्य केले आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात आधी आईचे नाव आणि मग बापाचे, असे सरकारी कागदांवर लागते. आईचे नाव कागदावर यायला एवढी वर्षे लागली, तर आपण आपल्याच वहीत ते का गाळावे?

दुसरे, घरातले कागद एका पिशवीत, एका ठिकाणी ठेवा. सातबारा, घरपट्टी, जन्माचे दाखले, लग्नाची नोंद, पासबुक, गटाचे कार्ड. पाणी शिरले तर उचलून नेता येईल अशा उंचीवर ठेवा. मुलीला सांगून मोबाइलवर त्यांचे फोटो काढून ठेवा. सातबाऱ्यावर आणि घराच्या उताऱ्यावर तुमचे नाव आहे की नाही, हे वाचून घ्या. वाचता येत नसेल तर गटात आणा, आपण मिळून वाचू.

तिसरे, पत्र्याच्या जुन्या पेटीत मोडी लिहिलेला कागद असेल तर तो चुलीत घालू नका, भंगारवाल्याला देऊ नका. उन्हात कडक वाळवू नका, चिकटपट्टीही लावू नका. सावलीत हवा लागू द्या आणि सुती फडक्यात बांधून ठेवा. मोडी वाचणारी माणसे आजही आहेत, त्यांना दाखवून घेता येईल. आणि घरातून कागद बाहेर देताना आधी त्याचा फोटो काढून ठेवा.

चौथे, घरात सत्तरी ओलांडलेली आजी असेल तर तिच्याजवळ बसा. तिला जात्यावरच्या ओव्या येतात का, पूर्वी गडावर दूध, लाकूड, सामान कसे नेत, रोपवे नव्हता तेव्हा आजारी बाईला महाडला कसे नेत, ते विचारा. मोबाइलवर आवाज धरून ठेवा. तिचे नाव, गाव, माहेर आणि तारीख सुरुवातीलाच बोलून घ्या. तारीख नसलेला कागद हा सरदेसाईंचा मोठा डोकेदुखीचा विषय होता. आपण तरी पुढच्यांना तो ताप देऊ नये.

जाता जाता सरदेसाईंचे शेवटचे काही सांगतो. आयुष्यभर मराठीत लिहिल्यावर, ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर, १९४६ ते १९४८ या काळात त्यांनी मराठ्यांचा नवा इतिहास इंग्रजीत तीन भागांत लिहिला. म्हणजे ग्रँट डफच्या भाषेत, त्याच्याइतक्याच भागांत, पण आपल्या कागदांवरून. १९५६ साली 'माझी संसारयात्रा' हे आत्मचरित्र आले. १९५७ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २९ नोव्हेंबर १९५९ रोजी ते कामशेतला गेले, तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांचे होते. लढाई मारली नाही, राज्य मिळवले नाही. मुलांना शिकवण्यासाठी वही उघडली ती शेवटपर्यंत मिटली नाही, एवढेच त्यांनी केले.

आपल्यापैकी कितीजणींच्या हातात वही उशिरा आली. काहींच्या हातात ती गटामुळेच आली. उशीर झाला म्हणून लाजू नका, कवळाण्याचा मुलगाही बाराव्या वर्षी पाटी शिकला आणि त्याने सगळ्या राज्याला शाळेत बसवले. येत्या मासिक सभेत ठराव-वही उघडाल, तेव्हा पहिल्या ओळीत दिवस, महिना, वर्ष स्वच्छ लिहा, हजर असलेल्या प्रत्येकीचे पूर्ण नाव लिहा, आणि जी बोलली तिचे म्हणणे तिच्या शब्दांत लिहा.

ओव्या किंवा जुन्या आठवणी मिळाल्या तर आपापल्या ग्रामसंघाच्या ताईंकडे द्या, आपण त्या याच कार्यक्रमात आजीच्या आवाजात ऐकवू. पुढच्या वेळी पावसाळ्यापूर्वीच्या बियाणे-निवडीवर बोलू. तोवर सांभाळून राहा. नमस्कार.